मोरी आणि जेवणाचा टोल

“ही कोणाची?” जीपमधून एक पाय खाली टाकत डेप्युटीसाहेबांनी विचारलं.

कोणी बोलेना. टोळीतली माणसं आपापल्या फावड्यांकडे पाहू लागली. मी घाटाकडे पाहिलं. जिच्याबद्दल विचारलं होतं ती तांबूस, एका कानाला दुमड असलेली कुत्री तेवढी उठली आणि साहेबांच्या बुटांचा वास घेऊन परत येऊन बसली. बूट तिला पसंत पडले नसावेत.

“पोलादपुरातलीच असेल कोणाची तरी,” मी म्हणालो.

“मग पोलादपुरात पाठवा. परवा उद्घाटन आहे. रस्त्यावर एक कुत्रं दिसता कामा नये. वरून सूचना आहे.”

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरची. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मी रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे डेप्युटी इंजिनियर आणि मजूर यांच्या मधला माणूस. वरून आलेला हुकूम खाली पोचवायचा आणि खाली आलेली दरड वर कळवायची. माझी हद्द पोलादपुरापासून कशेडी घाटाच्या माथ्यापर्यंत होती. घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला आमची गँग राहत असे. चटयांच्या झोपड्या, एक पत्र्याची शेड आणि एक मोठं आंब्याचं झाड.

पायथ्याच्या ओढ्यावर तोपर्यंत नुसती फरशी होती. फरशी म्हणजे पाण्याच्या जवळजवळ तळाशी बांधलेला ठेंगणा रस्ता. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, आणि अलीकडे एसटी, पलीकडे प्रवासी असे एकमेकांकडे बघत बसायचे. तिथे आता पूल झाला होता. पूल लहान होता. मंडप मोठा होता. मंत्रीमहोदय येणार होते, आणि ते ज्या वाटेने येतील तिच्यावर काय काय दिसू नये याची तयारी पूल बांधण्यापेक्षा जास्त जोरात चालली होती. चटयांच्या झोपड्या दिसू नयेत म्हणून पुढे आंब्याच्या डहाळ्यांचं कुंपण घातलं. मैलाच्या दगडांना चुना दिला. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांनाही दिला. एक म्हैस उभी राहिली असती तर तिलाही दिला असता.

आणि आता कुत्री.

तिचं नाव मोरी. रस्त्याखालून पाणी काढून देण्यासाठी नळ टाकतात किंवा दगडी बोगदा बांधतात, त्याला आमच्याकडे मोरी म्हणतात. पावसाळ्याआधी प्रत्येक मोरी साफ करावी लागते, नाहीतर पाणी तुंबतं आणि रस्ताच घेऊन जातं. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमची टोळी घाटातल्या एका मोरीतला पाचोळा ओढत होती. त्यात एक पोतं निघालं. तोंड सुतळीने बांधलेलं. वरच्या वळणावरून कोणीतरी ट्रकमधून फेकलं असणार. बाकीची पिल्लं राहिली नव्हती. एक हलत होतं.

भिकू पार्टे आमचा मुकादम. त्याने पोतं उघडलं, ते पिल्लू मानेला धरून वर काढलं आणि विचारलं, “हिचं काय करायचं, साहेब?”

मी म्हणालो, “कोणीतरी घरी न्या.”

तेव्हा मला त्या बाजूची एक रीत कळली. कुत्रं फुकट नेत नाहीत. ज्याच्याकडून न्यायचं त्याच्या पदरात मूठभर तांदूळ घालायचे. तांदूळ घातले म्हणजे कुत्रं तुमचं झालं, आणि मग ते जुन्या दारी परत जात नाही अशी समजूत.

“मग घाला तांदूळ.”

“कुणाच्या पदरात?” भिकूने विचारलं. “पोतं टाकणारा गेला घाटापलीकडं, खेडाच्या अंगाला.”

त्यामुळे पिल्लाला कोणी नेलं नाही. ते टोळीत राहिलं. म्हणजे व्यवहारात ते सखूबाईकडे राहिलं, कारण बाकीच्यांच्या भाकरीपेक्षा तिची भाकरी मोठी असे. सखूबाई टोळीत खडी फोडायची. नवरा मुंबईला गिरणीत होता आणि वर्षातून एकदा, शिमग्याला, हिंदी बोलत यायचा. ती मोरीला नाचणीची भाकरी कुस्करून घालायची आणि वर सुकटीचं पाणी. “खा गो,” म्हणायची, “तुला तरी कुठं मनिआर्डर येनार हाय?”

मोरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुत्र्याच्या गोष्टीत कुत्र्याने कोणाला तरी वाचवायचं असतं. मोरीने कोणालाही वाचवलं नाही. दरड येणार हे तिला कधी आधी कळलं नाही. उलट दरड आली की ती सगळ्यात मागून पळायची. एकदा शेडमध्ये चोर आला तेव्हा ती त्याच्याबरोबर वळणापर्यंत सोबत म्हणून गेली. ती दिवसभर माझ्यामागे घाट चढायची आणि उतरायची. मी टेप धरून उभा राहिलो की माझ्या पायावर बसायची. अगदी पायावर. पावसाळ्यात, सगळा घाट धुक्यात आणि मी त्यात एकटा असताना, डाव्या पायावर तेवढं एक ऊबदार ओझं असे. मी त्या वेळी अविवाहित होतो. माझं घर महाडात होतं आणि घरात वाचायची पुस्तकं होती, आणखी कोणी नव्हतं. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तिला एकच गोष्ट पक्की कळत होती, ती म्हणजे टोल.

आंब्याच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्यावर लोखंडी पहार मारली की आवाज पार वरच्या वळणापर्यंत जायचा. त्याचे दोन अर्थ होते. थांबून थांबून चार ठोके म्हणजे जेवणाची सुट्टी. न थांबता सारखे ठोके म्हणजे सुरुंग. जवळच्या खाणीत दगड काढायला सुरुंग लावायचे. तो सारखा टोल सुरू झाला की रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या बावटेवाल्यांनी लाल बावटा आडवा धरायचा आणि टोल थांबेपर्यंत एक वाहन सोडायचं नाही. कोणाचंही. हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की खालच्या टोकाचा बावटेवाला, म्हातारा दगडू, झोपेतही हात आडवा धरतो असं त्याची सून सांगायची.

जेवणाचा टोल वेळेवर पडावा म्हणून मी माझं जुनं मनगटी घड्याळ भिकूला देऊन ठेवलं होतं. मला शिस्तीची फार हौस होती.

मोरीला दोन टोलांतला फरक कळत नसे. टोल म्हणजे जेवण. घाटात कुठेही असली तरी ती धावत येई, झाडाखाली गोल करून बसलेल्या टोळीत शिरे आणि सखूबाई आणि भिकू यांच्यामधल्या आपल्या जागेवर बसे. वाटेत काही मिळालं, एखादं हाडूक, मेलेला खेकडा, तर ते तोंडात धरून आणी, पुढ्यात ठेवी आणि सगळ्यांबरोबर जेवे. एकटीने खायला तिला आवडत नसे.

तर डेप्युटीसाहेबांनी “ही कोणाची?” असं विचारलं आणि कोणी बोललं नाही, याचं कारण भित्रेपणा नव्हे. ती खरंच कोणाची नव्हती. तांदूळ पडले नव्हते.

जीप गेल्यावर बातमी कळली. घाटातल्या वरच्या वळणापासून पोलादपुरापर्यंत, रस्त्यावरची कुत्री मारायला एक माणूस नेमला होता. उद्या सकाळी तो कुचला घातलेले मटणाचे गोळे टाकत येणार होता. कुचला म्हणजे विष. ते खाल्लं की आधी पाय ताठ होतात. पुढचं सांगत नाही.

“बांधून ठेवा,” मी टोळीला म्हणालो. “उद्याचा दिवस तिला झोपडीबाहेर सोडू नका.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच सखूबाईने तिला काथ्याने खांबाला बांधलं. मोरीला दोरी ठाऊक नव्हती. तिने दिवसभर असा काही सूर लावला की मंडपवाले विचारायला आले, लाउडस्पीकर बिघडलाय का. विषवाला मात्र त्या दिवशी आलाच नाही.

उद्घाटनाच्या सकाळी सगळी टोळी धुतलेल्या कपड्यांत होती. त्यांना काम नव्हतं. मंडपात मागे बसून टाळ्या वाजवायच्या होत्या, आणि जेवण मंडपातच मिळणार होतं, म्हणून त्या दिवशी कोणी भाकऱ्या भाजल्या नव्हत्या. खाण बंद होती. दगडूला खालच्या टोकाला नेहमीप्रमाणे बावटा देऊन उभा केला होता, एखादा मालट्रक मंडपाशी येऊ नये म्हणून. डेप्युटीसाहेब कडक कोटात घामाघूम होऊन फिरत होते. व्यासपीठावर मखमली खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर जाळीखाली पेढ्यांची ताटली. पेढे महाडाहून आणले होते आणि त्यांच्यावर एक पोलीस नेमला होता.

एवढ्यात घाटाकडून एक माणूस खांद्याला पिशवी लावून उतरताना दिसला. तोंडाने शीळ घालत होता.

मी पुढे झालो. “तुम्ही कोण?”

“मी त्या कुत्र्यांच्या कामावरचा, साहेब. काल नाय जमलं, मेव्हण्याचं लगीन होतं. आज पहाटेच आलो. वरनं टाकत टाकत आलोय, वळणापासून.”

मी मंडपाच्या मागे गेलो. “सखूबाई, मोरी कुठे आहे?”

“भिकूदादाकडं. काल त्यो मेला आलाच नाय म्हनून सकाळी सोडली मी. किती रडत होती.”

“भिकू?”

भिकूने माझ्याकडे पाहिलं. “माझ्याकडं नाय. मला वाटलं दगडूसंगं गेली.”

दगडू तिथून दिसत होता. रस्त्याच्या मधोमध, एकटा, बावटा खांद्यावर.

सगळ्यांची असण्याचा हा एक तोटा आहे. प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्याकडे आहे. सरकारी मालमत्तेचंही असंच होतं, पण तिला भूक लागत नाही.

“वर गेली असंल,” सखूबाई म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. “कालपासून बांधलेली. सुटली तशी वर पळाली असंल.”

घाट चढून शोधायचं तर ते गोळे तिला आधी सापडले असते. हाका मारून ती येत नसे. नाव तिला आपलं वाटतच नव्हतं. भिकूने आंब्याच्या झाडाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

खालून, पोलादपूरच्या बाजूने, मोटारींचा आवाज यायला लागला होता.

“वाजव,” मी म्हणालो.

भिकू धोतर सावरत धावला. पहार उचलली. थांबून थांबून चार ठोके. आवाज वर गेला, डोंगराला आपटून परत आला. मंडपातले लोक मागे वळून बघू लागले. रस्त्यावर काही हललं नाही.

“पुन्हा.”

पुन्हा चार. वळण रिकामं होतं.

तिसऱ्या वेळी भिकू थांबलाच नाही. तो वाजवतच राहिला. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती आणि रुळाचा तुकडा दोरीवर गरगर फिरत होता. माझ्या लक्षात यायच्या आधीच ते दगडूच्या लक्षात आलं. सारखा टोल. खाण बंद आहे, आज सुट्टी आहे, समोरून मंत्र्यांच्या मोटारी येतायत, यातलं काहीही त्या टोलाच्या नियमात बसत नव्हतं. त्याने लाल बावटा आडवा धरला.

पहिली जीप पोलिसांची होती. ती थांबली. तिच्यामागे काळी मोटार थांबली. तिच्यामागे सगळ्याच थांबल्या.

“अरे, ए म्हाताऱ्या! बाजूला हो!” फौजदार जीपमधून ओरडले. “मंत्रीसाहेब आहेत मागे!”

दगडूचं उत्तर मला नंतर त्यानेच सांगितलं. “असतील. टोल हाय.”

डेप्युटीसाहेब माझ्याकडे धावत आले. त्यांचा चेहरा चुना दिलेल्या मैलाच्या दगडासारखा झाला होता. “काय चाललंय? कसला सुरुंग? कोणी लावला?”

“सुरुंग नाही, साहेब. कुत्री बोलावतोय.”

त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याच वेळी वरच्या वळणावर तांबूस काहीतरी दिसलं. मोरी येत होती. कान मागे, शेपूट सरळ, उतारावर पाय घसरत. आणि तिच्या तोंडात काहीतरी होतं.

“गोळा हाय,” सखूबाई म्हणाली. “बाई गो. गोळा हाय तिच्या तोंडात.”

धावून अंगावर गेलो असतो तर तिने तो गिळला असता. कुठलंही कुत्रं तेच करतं. हे आम्हा सगळ्यांना एकदमच सुचलं असावं, कारण कोणी हललं नाही. मग सखूबाई झाडाखाली गेली आणि खाली बसली. लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, धुळीत. तिच्या शेजारी जागा सोडून भिकू बसला, पहार बाजूला टाकून. मग बाकीचे. रोजच्यासारखा गोल. कोणाच्या पुढ्यात फडकं नाही, भाकरी नाही. मी कधी त्यांच्यात जेवायला बसत नसे. ओव्हरसियरने बसायचं नसतं. त्या दिवशी बसलो.

मोरी गोलात शिरली. आपल्या जागेवर बसली, धापा टाकत. गोळा पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांकडे बघितलं. काय आज भाकरी नाही, असं.

भिकूने हात पुढे टाकला आणि गोळा उचलून ओढ्याच्या खडकांपलीकडे खड्ड्यात भिरकावला. नंतर जाऊन त्याने तो खोल पुरला. वरच्या रस्त्यावरचे उरलेले गोळे दोघा गड्यांनी त्या शीळवाल्याला बकोटीला धरून, त्याच्याकडूनच वेचून घेतले.

मोरी भिकूच्या हाताकडे बघत राहिली. तिला फसवल्यासारखं वाटलं असणार, आणि ते रास्त होतं. मी उठलो, व्यासपीठावर गेलो, जाळी उचलली आणि ताटलीतले दोन पेढे घेतले. पोलिसाने “साहेब” म्हणून हाक मारली, पण पुढे काय म्हणावं हे त्याला सुचलं नाही. मंत्र्यांच्या आधी त्या पुलाचा पेढा मोरीने खाल्ला. त्या घाईतही मला वाटलं, मोरी साफ होती म्हणून रस्ता टिकला आणि रस्ता टिकला म्हणून पूल झाला, तेव्हा क्रम बरोबरच आहे.

टोल थांबला होता. दगडूने बावटा उचलला. मोटारी आल्या.

मला वाटलं होतं नोकरी गेली. भिकूची तर नक्कीच. म्हणून डेप्युटीसाहेब मंत्र्यांच्या मोटारीकडे निघाले तेव्हा मी म्हणालो, “साहेब, टोल माझ्या हुकमाने वाजलाय. मुकादमाचा काही संबंध नाही.”

“तुम्ही एक शब्द बोलू नका,” ते म्हणाले.

मंत्र्यांना त्यांनी काय सांगितलं ते भाषणात कळलं. भाषण लांबलं. त्यात राष्ट्रउभारणी होती, सावित्री नदी होती, शिवकाल होता. शेवटी मंत्री म्हणाले की आज येताना एका गरीब बावटेवाल्याने माझी मोटार अडवली, कारण सुरक्षेचा टोल चालू होता. मी मंत्री असूनही अडवली. अशी शिस्त ज्या खात्यात आहे त्या खात्याला मी धन्यवाद देतो. टाळ्या झाल्या. डेप्युटीसाहेबांनी मान नम्रपणे खाली घातली. दगडूला व्यासपीठावर बोलावून हार घातला. तो गांगरून गेला होता. बावटा खाली ठेवायचा की नाही हे त्याला कळत नव्हतं, म्हणून हार घालून घेताना त्याने तो आडवाच धरला.

मी ते सगळं अर्धवट ऐकलं. मी मोरीचे पाय बघत होतो. तिने गोळा एकच उचलला होता की वाटेत आधी एखादा खाऊन आली होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. ती मंडपाच्या मागच्या बाजूला माझ्याजवळ आडवी पडली होती. मागचे पाय लांब केले की मी पुढे वाकायचो. मग ती ते जवळ घ्यायची. पलीकडून सखूबाईही तेच बघत होती. राष्ट्रगीताला सगळे उठले तेव्हा मोरीही उठली, आळस दिला आणि माझ्या डाव्या पायावर येऊन बसली. तेवढा वेळ मी जितका ताठ उभा राहिलो तितका त्याआधी किंवा नंतर कधी राहिलेलो नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण खात्याला शिस्तीचा माणूस सापडला होता. महिन्याभरात मला बढती आली. अलिबागला, ऑफिसात, टेबलावर. डेप्युटीसाहेब स्वतः सांगायला आले आणि वर म्हणाले, “बघा, त्या टोलाने तुमचं कल्याण केलं.”

मी टोळीला म्हणालो, “मोरीला मी नेतो.”

भिकू म्हणाला, “न्या की. पर तांदूळ?”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. मी पोलादपुरातून तांदूळ आणले, घाटातल्या त्या पोत्याच्या मोरीपाशी गेलो आणि मूठभर तांदूळ बोगद्याच्या तोंडाशी ठेवले. कुत्रीच्या आधीच्या धन्याचा पत्ता तेवढाच होता. टोळी मागे उभी होती. “आता झाली तुमची,” सखूबाई म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. आता वाटतं, त्या दिवशी माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात नीट पूर्ण केलेली कार्यवाही मी केली होती.

सामान ट्रकमध्ये चढलं. ट्रंक, पुस्तकांची खोकी, वळकटी. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मोरी मागे चढली. तिला कोणी उचललं नाही. ती स्वतः उडी मारून चढली आणि वळकटीवर बसली. मागच्या खिडकीतून मला तिचा दुमडलेला कान दिसत होता. ट्रक सुरू झाला. पुलावर आला.

आणि टोल पडला.

थांबून थांबून चार ठोके. मी मागे वळून पाहिलं. मोरी उभी राहिली होती. तिने एकदा काचेतून माझ्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं की पाहिलं, पण कुत्र्यांबद्दल आपल्याला जे वाटतं त्यातलं बरंचसं आपलंच असतं. मग तिने उडी मारली आणि पुलावरून झाडाकडे पळत सुटली. जेवायची वेळ झाली होती.

“थांबवू?” ड्रायव्हरने विचारलं.

झाडाखाली गोल बसला होता. सखूबाई आणि भिकू यांच्यामध्ये जागा होती. मी घड्याळात पाहिलं. माझ्या घड्याळात जेवणाच्या सुट्टीला अजून बराच अवकाश होता.

“नको,” मी म्हणालो.

अलिबागला समुद्र आहे. लोक हवा खायला जातात. मी तिथे पुष्कळ वर्षं शिस्तीने काढली. टेबलाखाली डावा पाय गार पडायचा. एकदा डॉक्टरला दाखवला. त्याने रक्ताभिसरण म्हणून सांगितलं.

मधल्या काळात मी त्या रस्त्याने गेलो नाही असं नाही. दोनदा एसटीने गेलो. दोन्ही वेळा खिडकीकडे बसलो आणि दोन्ही वेळा पुलाच्या आधी पेपर उघडला.

भिकू मला भेटला तो मी निवृत्त होऊन महाडला परत आल्यावर, बाजारात. म्हातारा झाला होता. सखूबाई मुंबईला नवऱ्याकडे गेल्याचं सांगितलं. दगडू वारला होता. तो हार त्याने शेवटपर्यंत खुंटीला ठेवला होता, नुसता दोराच उरला तरी. मी विचारीपर्यंत मोरीचं त्याने काही काढलं नाही.

“म्हातारी होऊन गेली,” तो म्हणाला. “शेवटी दात नव्हते, भाकरी भिजवून द्यायची सखू. त्या मोरीच्या वरच्या अंगाला पुरली. पाण्याच्या वाटेत नाय, बाजूला. मोरी तुंबायला नको.”

“चांगलं केलंत.”

“तुमचे तांदूळ सखूनं त्याच दिवशी वेचून आनले. तिलाच शिजवून घातले. वाया नाय गेले.”

मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं. “भिकू, मी गेलो त्या दिवशी टोल लवकर पडला होता.”

त्याने केळीवाल्याचं एक केळं दाबून पाहिलं. “घड्याळ तुमचंच होतं, साहेब,” तो म्हणाला. “लई पुढं पळायचं ते. तुमास्नी ठावं नाय?”

ते घड्याळ माझ्या मनगटावर होतं तेव्हा रोज मागे पडायचं. तेवढ्यासाठीच मी नवीन घेतलं होतं. मी त्याला हे सांगितलं नाही. आम्ही चहा घेतला.

आता माझ्या ओळखीत काही लोक आहेत. निवृत्त, सुखवस्तू. त्यांना कुत्रा हवा असतो. त्यासाठी ते मुंबईला जातात आणि आजोबापणजोबांच्या नावांचा कागद असलेलं पिल्लू आणतात. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यातल्या निम्म्यांना सांगता येत नाही. मला सल्ला विचारला की मी सांगतो, एवढ्या लांब जाऊ नका. एसटी स्टँडवर जा. मच्छीबाजाराच्या मागे जा. कोणीतरी पोत्यात घालून टाकलेलं, कोणीतरी बदली झाली म्हणून मागे सोडलेलं, काहीतरी तिथे नक्की हलत असेल. ते घरी आणा. ते कोणाला वाचवणार नाही, चोराला सोबत करील आणि वर तुमच्या पायावर बसेल. आणि आणलंत की ते तुमचं आहे असं चारचौघांत सांगा. गल्लीचं, सोसायटीचं, सगळ्यांचं असं म्हणू नका. सगळ्यांच्या कुत्र्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तांदळाची मूठ ऐच्छिक.

माझ्याकडे हल्ली जी आहे ती बिरवाडीच्या बसथांब्यावर सापडली. औद्योगिक वसाहतीत कामाला असलेलं कोणी कुटुंब खोली सोडून गेलं, ती राहिली. पाळी संपवून सुटणाऱ्या कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं खाऊन जगत होती. रंगाने काळी आहे. मोरीशी तिचं काही साम्य नाही. मी शोधलंही नाही.

कारखान्यांचा भोंगा वारा तिकडून असला की आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. भोंगा झाला की ती उठून उभी राहते, कान टवकारते आणि दाराकडे बघते.

मी घड्याळात बघून भोंग्याच्या आधीच उठून दार लावून घेतलेलं असतं.